शेपटीचा खर्च

तार्तूत जानेवारीची वीज तासागणिक भाव बदलते.
ऊर्वेच्या स्वयंपाकघरात, पावाच्या डब्याला टेकून
फोन उभा असतो, त्यावर उद्याचे चोवीस आकडे.
सकाळी आठला कुणी किटलीसुद्धा लावत नाही.
वाटाणा गल्लीत (तिथे गल्ल्यांना भाज्यांचीच नावं,
पलीकडे बटाटा, नदीच्या अंगाला घेवडा)
धुण्याची यंत्रं मध्यरात्रीनंतर फिरतात,
चोरून प्यायल्यासारखी.

दिवसा ती जंतू सांभाळते.
अकरा हिवाळे एकच वाण,
रोज संध्याकाळी एक थेंब
जुन्या चंबूतून नव्या रश्शात.
चंबू अखंड हलता. अन्न आपसूक तोंडाशी येतं.
पोहून जायचं कुठे?

पहिल्या हिवाळ्यात ते पोहत होते.
प्रत्येकाला चार-पाच शेपट्या,
शेपटीच्या बुडाशी गरगरणारी मोटर,
एकेका शेपटीत वीसेक हजार विटा
आणि वीट न् वीट रोखीने घेतलेली.
मग कुणाच्या तरी पोटी बिनशेपटीचं जन्मलं.
शंभरातले दोन-तीन पैसे वाचले त्याचे.
दोन-तीन पैसे!
पण पिढी तासाभराची असली
की दोन-तीन पैशांचं राज्य यायला
एक उन्हाळा पुरतो.

मोठ्या पेशींचं वेगळं, ती विद्यार्थ्यांना सांगते.
तुमच्या-माझ्या पेशी म्हणजे खटल्याचं घर.
कोठीतून ओंजळभर गेलं तर कोण विचारतं?
निवड नावाची हिशेबनीस तिथे
पावलीखालच्या रकमा वाचतच नाही,
म्हणून तर एवढी अडगळ साठली आपल्यात,
लिहायची, मग कापून फेकायची, अशी पानंच्या पानं.
जंतूचं हातावर पोट.
त्याला पै दिसते.

हे बोलताना तिला तळघर आठवतं.

तिथे रशियन काळातला फ्रीझर.
हाइनो जाऊन तीन वर्षं झाली.
चारपैकी तीन खोल्या तिने बंद केल्या,
दारांच्या फटीत त्याचे कोट कोंबले,
लाकडं एकाच भट्टीत जळतात.
शेपट्या गळाल्या तशा खोल्या गळाल्या.
फार काही वाटलं नाही.
फ्रीझर मात्र चालू आहे.
आत एकच पुडकं:
पेइप्सी सरोवराचा बर्फ फोडून
त्याने शेवटच्या फेब्रुवारीत काढलेला मासा,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला, तारीख अजून वाचता येते.
दिवसाला पंचवीस सेंट. वर्षाला नव्वदच्या वर युरो.
ना ती खाणार, ना कुणाला देणार.
एवढ्याशा संसाराला हे झेपत नाही.
गणित तिचंच आहे.

परवा रात्री समुद्रावर वारं सुटलं
आणि दोन ते चार भाव शून्याखाली गेला.
सगळी गल्ली जागी झाली.
शेजारच्या आदोने विजेची सौना तापवली,
उघडाबंब बर्फात उभा राहून, वाफाळत ओरडला,
“ऊर्वे, फुकट आहे!”
“तारांचं भाडं धरलं नाहीस,” ती खिडकीतून म्हणाली
आणि तळघरात उतरली.
पायरीवर बसून घरघर ऐकली.
या दोन तासांचं त्याचं देणं जवळजवळ नव्हतं,
तरी आवाज तोच.
हे का खटकलं, तिलाही सांगता येईना.

सकाळी भाव पुन्हा चढला.
काचपट्टीवर हजारो निवांत, सुखवस्तू,
पाणी नेईल तिकडे जाणारे.
आणि डाव्या कोपऱ्यात एक
पोहत होता.
कडेपर्यंत. वळून पुन्हा कडेपर्यंत.
चूक असेल, हरवलेलं अक्षर जागेवर आणणारी.
किंवा अकरा हिवाळे असा एखादा उरतच आला असेल,
तिनेच मोजला नसेल.

वहीत तिने तारीख घातली. पुढे लिहिलं: एक.
मग संध्याकाळची वाट न बघता,
चंबूला हात न लावता,
नव्या रश्शासाठीचा थेंब
काचपट्टीवरूनच उचलला.